पिवळा त्रिकोण

उद्या येताना घरून एक रिकामी बाटली आणा, असं मुलांना सांगा, असं परदेशी पाहुणी मला इंग्रजीत म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. माझं काम तेवढंच होतं.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. खामगावहून अर्ध्या तासावरच्या एका गावात आमच्या ख्रिस्ती लोकांची चार घरं आहेत आणि टिनाचं छप्पर असलेलं एक प्रार्थनाघर. परदेशातल्या एका चर्चच्या मंडळीतून आठ जण दहा दिवसांसाठी मुलांचं शिबिर घ्यायला आले होते. मी खामगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्या झालो. शिबिराला येणारी बहुतेक मुलं आमची नव्हतीच. आईबाप कापूस वेचायला जात, मुलं घरी मोकळी, आणि इथे गाणी, रंग, वर पोहे. शिबिर चालवणारी ही पाहुणी पंचविशीतली होती. मुलं तिला गोरी दीदी म्हणायची. दिवसभर ती न थकता हसायची. तिच्यासमोर आपलं गाव चांगलं दिसावं, असं मला फार वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुसऱ्या दिवशी मुलं बाटल्या घेऊन आली. बहुतेकांकडे कोल्ड्रिंकच्या, एकाकडे तेलाची, एकाने तर सलाईनची आणली. त्या रंगवायच्या, त्यांत पाणी भरायचं आणि प्रार्थनाघरामागे लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांना घालायचं, असा बेत होता. दुसरीतली एक मुलगी सगळ्यांत मोठी बाटली छातीशी धरून आली. पांढरी, जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची.

"सर, माही सगळ्याइत मोठी हाय!"

मी दहा हातांवरून ओळखली. कपाशीच्या घरात वाढलेल्या माणसाला ती ओळखायला जवळ जावं लागत नाही. आमच्याकडे फवारणीच्या औषधाची बाटली कुणी फेकत नाही. इतकं मजबूत प्लास्टिक फेकवतच नाही. माझे वडील तसल्या बाटलीत रॉकेल ठेवायचे. लेबल अर्धं शाबूत होतं, औषधाचं नाव वाचता येत होतं आणि त्यावर पिवळा त्रिकोण होता, जहाल विषाची खूण.

ती बाटली मी बाजूला ठेवायला हवी होती. पण गोरी दीदी तोवर मुलीजवळ येऊन टाळ्या वाजवत होती. बाटली का काढून घेतली, हे तिला सांगायचं म्हणजे आमच्या घरांत विषाची बाटली पाण्याच्या माठाशेजारी असते, हेही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली. मी बाटली बादलीत बुडवली आणि लेबल अंगठ्याच्या नखाने खरवडून काढलं. वास आला, अगदी पुसट. घरी धुतली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग मुलीने ती निळी रंगवली, तिच्यावर पिवळी फुलं काढली आणि सगळ्यांसारखं तिच्यात पाणी भरलं.

त्या दिवशीचा धडा बायबलमधल्या विहिरीवरच्या स्त्रीचा होता. येशू तिला देऊ करतो त्या जिवंत पाण्याचा. गोरी दीदीने आपली बाटली उंच केली, घोटभर पाणी प्याली आणि विचारलं, कुणाला तहान लागलीय? मी तिच्यासारखाच हात उंचावून ते मराठीत विचारलं. मुलं ओरडली, "मले! मले!"

तिसऱ्या रांगेतल्या निळ्या बाटलीचं झाकण उघडलेलं मला दिसलं. ती तोंडाला लागलेलीही दिसली. तेव्हा मी एका वाक्याच्या मधोमध होतो.

मी ते वाक्य पुरं केलं. मग धावलो.

"किती प्यालीस?"

"दोन घोट. कडू लागते, सर."

पंधरा मिनिटांत तिला उलटी झाली. तोंडातून लाळ गळायला लागली, कपाळ घामाने भिजलं. जीपमध्ये ती माझ्या मांडीवर होती. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. असे डोळे मी लहानपणी फवारणी करून आलेल्या एका सालदार गड्याचे पाहिले होते. तो वाचला नव्हता. खामगाव येईपर्यंत मी प्रार्थना केली, पण तिच्यासाठी कमी आणि हे कुणाला कळू नये यासाठी जास्त. चार घरं आमची. गावात बोभाटा झाला तर त्यांचं काय होईल, ही भीती खरी होती. पण त्या भीतीआड मी स्वतःला लपवत होतो, हेही खरं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्ही सोबत आणलेली निळी बाटली फिरवून पाहिली. "औषध कोणतं होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी लगेच सलाईन लावून इंजेक्शनं सुरू केली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. गोरी दीदी शेजारी रडत होती. अर्ध्या तासाने मुलीची आई आली, थेट वावरातून. कमरेला कापसाची ओटी अजून तशीच बांधलेली होती.

"सर, तुमीच सांगतलं न पोरायले बाटली आना म्हून?"

"हो."

"म्या घाईघाईत खंगाळून देल्ली. औषिद तिच्या बापानं आनलं होतं, त्याचा फोन लागून नाही राह्यला. नाव मले नाही मालूम. लेबल होतं त्याच्यावर. तुमी पाह्यलं असन न?"

गोरी दीदीने विचारलं, ती काय म्हणतेय? मी इंग्रजीत म्हणालो, ती फार घाबरलीय.

आईचे डोळे माझ्यावरून हटले नाहीत. माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात लेबलाचा चिकट कागद अजून होता. मी तो मुठीत लपवला, आणि मग मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी डॉक्टरांकडे पळालो. पिवळा त्रिकोण सांगितला, औषधाचं नाव आठवेल तेवढं सांगितलं.

"मघाशी माहीत नाही म्हणालात," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, लक्षणांवरूनच उपचार चालू होता, तुमच्या अर्ध्या तासाने फरक पडलेला नाही. बहुधा दया म्हणूनच म्हणाले असावेत. त्या दयेचा मला काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने बिस्कीट मागितलं. त्यानंतर तिने विचारलं, "माही बाटली कुठी हाय?"

त्याच दिवशी गोरी दीदी आईसमोर गुडघ्यावर बसली आणि मला म्हणाली, हिला सांगा, बाटलीची कल्पना माझी होती, चूक माझी आहे. दोघींच्या मधे मी एकटाच होतो. जे सांगेन तेच दोघींना खरं वाटणार होतं. आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मी सांगितलं: लेबल मी वाचलं होतं. मीच खरवडलं.

गोरी दीदी हळूहळू उठून उभी राहिली. आई बराच वेळ लेकीचे पाय चेपत राहिली.

"तुमाले माहीत होतं, सर," ती शेवटी म्हणाली. "मलेबी माहीत होतं. मंग म्या काऊन देल्ली?"

ती काय म्हणाली, असं गोरी दीदीने विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितलं.

पाहुणे गेले. मुलगी आता पाचवीत आहे. रस्त्यात भेटली की हात हलवते, आणि दर वेळी मी आधी तिचे डोळे पाहतो. वर्गात शिकवताना एखादं मूल बाटली तोंडाला लावतं. माझं वाक्य तिथेच तुटतं. ते पाणी पिऊन झाकण लावेपर्यंत मला पुढचा शब्द सुचत नाही.

"सर अटकले बे!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, आणि सगळा वर्ग हसतो. मी त्यांना हसू देतो.