ऐंशी किलोंचा हुकूम

माझ्या आत्याला हॉस्पिटलच्या लाँड्रीची प्रमुख केलं, ते तिच्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे. आधीची प्रमुख निवृत्त झाली. उरलेल्या नऊ जणींपैकी पाच जणी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि आत्या कुणाशीच बोलत नसे, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एवढ्या पात्रतेवर तिला काचेची केबिन आणि फिरती खुर्ची मिळाली.

खुर्चीत बसल्याबसल्या तिला कंठ फुटला. एकवीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी मिठाची गुळणी धरून उभी राहिलेली ही बाई पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर ओरडायला लागली. आधीची प्रमुख ओरडायची, म्हणजे हे पगारातच धरलेलं असणार, असा तिचा समज.

मग हॉस्पिटलने तिला तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला धाडलं. तिथे टाय लावलेल्या एका गृहस्थांनी विश्वासाचा खेळ घेतला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. आत्याच्या वाट्याला आला मुदपाकखान्याचा प्रमुख, चांगला एकशेदहा किलोंचा. तो पडला. आत्या बाजूला झाली.

"विश्वास होता माझा," ती घरी येऊन म्हणाली. "तो पडणार याची खात्रीच होती."

कुणाचे कान उपटायचे तर आधी कौतुक करावं, असंही तिथे शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी आत्याने चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला बोलावून सांगितलं, "तुमच्या घड्या फार सुरेख असतात. बाकी तुम्ही कामचुकार आहात." ती बाई दोन दिवस रजेवर गेली.

मोठं धुलाईचं मशीन चालवणाऱ्या बाईला सगळे 'इंजिन' म्हणत. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून चढवून तिची कुजबुजसुद्धा पलीकडच्या वॉर्डात ऐकू जाई. एकदा पाइपाच्या दुरुस्तीसाठी लाँड्री दोन दिवस बंद राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांचा ढीग खिडकीला टेकला. ऑपरेशन विभागातून तीनदा फोन आला, गाऊन कुठे आहेत?

"ऐंशी किलो भर," आत्याने इंजिनला फर्मावलं.

"बाई, हे साठ किलोंचं मशीन आहे. जास्त कोंबलं तर बसेल बोंबलत."

"लाँड्रीची प्रमुख मी आहे की तू?"

"तुम्हीच. पण हे मशीनला कोण सांगणार?"

बाकीच्या हसल्या. त्याचाच आत्याला जास्त राग आला. "भर म्हटलं ना!"

इंजिनने भरलं आणि बटण दाबलं. कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन जागच्या जागी उड्या मारायला लागलं, आतून काहीतरी कडाडलं आणि दाराचं रबर फाटून साबणाचं पाणी भसाभस बाहेर आलं. ते कॉरिडॉरभर पसरलं. एक्स-रेला निघालेल्या एका आजोबांची चाकांची खुर्ची फेसातून गेली. त्या दिवशी हॉस्पिटलात खूश असलेले तेवढेच एक.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अधीक्षक आले. "बटण कुणी दाबलं?"

पुढचं आत्यानेच मला सांगितलं. "तोंडात आलंच होतं, हिने दाबलं म्हणून. आणि ते खोटंही नव्हतं. इंजिनने माझ्याकडे रागाने बघितलं असतं ना, तर नाव सांगून मोकळी झाले असते. पण ती खाली बघत होती. मी तिच्याकडे बोट दाखवणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. काय ही माझी लायकी, असं झालं मला."

"मी सांगितलं साहेब," आत्या म्हणाली. "ती नको म्हणत होती."

"मग ऐकलं का नाही?"

"अक्कल नव्हती."

साहेबांना लेखी खुलाशात घालण्याजोगं काहीतरी हवं होतं. आत्याकडे दुसरं नव्हतं.

ते गेल्यावर तिने इंजिनला विचारलं, "आता काय करायचं?" लाँड्रीत प्रमुखाने कुणाला काही विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. इंजिनला वाटलं, टोमणा आहे. दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ती सुरू झाली. छोट्या मशीनला नुसत्या चादरी लावा, गाऊन हाताने धुवा, टब तीन, एकीने घासायचं, दोघींनी पिळायचं. आत्या बाह्या सारून सगळ्यात घाण गाऊनांच्या टबाशी बसली. पिळायला दोघी लागतात, त्यामुळे अबोला धरलेल्या पाचही जणींना नाइलाजाने तोंड उघडावं लागलं; सुरुवात अर्थात भांडणाने झाली. दुपारी गाऊन निर्जंतुक करायला गेले. दोन ऑपरेशनं दुसऱ्या दिवसावर गेली, बाकीची झाली. आत्याला कडक शब्दांत मेमो मिळाला.

तेव्हापासून ती रोज सकाळी मशीनपाशी उभी राहून विचारायची, "आज काय अडेल?" आणि उत्तर येईपर्यंत जीभ दाताखाली धरायची. पहिल्या महिन्यात जीभ सुजली होती, असं ती शपथेवर सांगते. ओरडणं काही सुटलं नाही. पण ओरडली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत "काल मी चुकले" म्हणायची, तेही अशा तोऱ्यात की ऐकणारीलाच अपराधी वाटावं. नवं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा पसंतीला तिने इंजिनला पाठवलं. नऊ वर्षांनी आत्या निवृत्त झाली आणि केबिनमध्ये इंजिन बसली. आता लाँड्रीत फोनची गरज उरलेली नाही.

घरी मात्र या गुणांचा जरा घोटाळाच झाला. "बाहेर सगळ्यांना विचारतेस, मला कधी विचारलंस?" असं काका, म्हणजे आत्याचे यजमान, एकदा फुगून म्हणाले. म्हणून तिने बैठकीच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते त्यांना विचारलं. काका चाळीस मिनिटं बोलले, कागदावर आकृती काढली आणि पोपटी रंग ठरवला. आत्याने तो दिला.

खोली भयंकर दिसते. ती त्या भिंतीकडे पाठ करून बसते आणि म्हणते, "विचारलं की ऐकावं लागतं. हे त्या टायवाल्याने आधी सांगायला हवं होतं."