बेनिल्देमावशी आणि उजवा बूट

वाल्देओल्मोच्या मुलींच्या फुटबॉल संघासाठी बेनिल्देमावशींनी कधी एक गोल केला नाही. लहानपणी त्यांना खेळूच दिलं नव्हतं. पण बावीस वर्षं जर्सी धुतल्या त्यांनीच, आणि बुटांचा चिखलही त्यांनीच खरवडला.

त्या रविवारी हंगामातला शेवटचा सामना होता. हरलो तर खालच्या विभागात घसरणार, बरोबरी झाली तर टिकणार. एक-एक अशी बरोबरी होती, आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली समोरच्यांना! मारायला आली बेगोन्या. गेल्या वर्षापर्यंत ती याच गावाकडून खेळायची.

मावशी पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत गोलमागे, गोलरक्षक नेरेआजवळ पोचल्या.

"नेरेआ, पाणी पी आणि ऐक. तिचे बूट तीन वर्षं मी पुसलेत. उजव्याची आतली कड झिजायची, टोक कोरं राहायचं. म्हणजे ती पायाच्या आतल्या बाजूनं, स्वतःच्या डावीकडे मारते. चेंडू तुझ्या उजव्या हाताला येणार."

"आणि चुकलात तर?"

"तर तुझी जर्सी तूच धू!"

नेरेआनं उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू थेट तिच्या हातमोज्यांवर आदळून बाहेर गेला. बरोबरी राहिली, संघ टिकला! मध्यंतराच्या सोडतीत डुकराची खारवलेली मांडी जिंकलेले म्हातारे सेवेरो ती खांद्यावर घेऊन नाचू लागले.

बेगोन्या फुरंगटून आली. "मावशी, माझी बाजू तिला कुणी सांगितली?"

"तुझ्या बुटानं."

बेगोन्याला हसू आवरेना. मावशींचं लक्ष मात्र तिच्या पायाकडे होतं.

"शिवण उसवलीय बघ. काढ तो, सुईदोरा आहे माझ्याकडे."