सासूबाई आणि वरच्या मजल्यावरची लेकरं

माझ्या सासूबाईंइतकं मनापासून संतापणारं माणूस आमच्या छावणी भागात काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. बाकीचे लोक कारण मिळालं की चिडतात. सासूबाई सकाळी तोंड धुऊन, चहा घेऊन तयार बसतात आणि कारण आपण होऊन चालत येतं. दूधवाल्यानं फेस जास्त आणला, बातम्या देणाऱ्या मुलीनं ‘मदत’ सोडून ‘हेल्प’ म्हटलं, समोरच्यांनी कुत्र्याला स्वेटर घातला, सगळ्याचा त्यांना सारखाच राग. कन्नड तालुक्यातल्या शाळांमध्ये पहिली ते चौथीची पोरं वळणावर आणण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण छडी घशात राहिली.

अशा घराच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन कुटुंब भाड्यानं आलं. नवरा वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, पाच वर्षांची लीना, दोन वर्षांचा योनास आणि त्यांची आई आना. हे नाव ऐकूनच सासूबाई भडकल्या. “बाईमाणसाला अण्णा म्हणायचं? मला नाय जमायचं.” त्याच दुपारी त्यांनी तिचं नाव अन्नपूर्णा ठेवलं. योनासचा योगेश झाला. लीना तेवढी जशीच्या तशी पास झाली. आठवड्याभरात सासूबाईंचं बघून लीना जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून ‘जय भीम’ घालू लागली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनाही तिनं तो घातला आणि ते गडबडीत “गुड मॉर्निंग” म्हणाले, याचा राग सासूबाईंनी महिनाभर पुरवला.

ही मंडळी दर रविवारी फिरायला निघत आणि फाटकाशी सासूबाई त्यांची तपासणी करत. डब्यात काकडीचे तुकडे आणि कोरडा पाव बघून त्यांचा तोल गेला. “काकडी खाऊन दौलताबादचा किल्ला चढायला निघालेत.” पुढच्या रविवारी त्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी तसं म्हणाले, तर “घरच्या माणसाला बोलवावं लागतंय का?” असं म्हणून माझ्यावरच उखडल्या. मग दुभाषी म्हणून मीही मागं बसू लागले.

एका रविवारी आम्ही मकबऱ्याला गेलो. सुटीची गर्दी होती. सोनेरी केसांची दोन लेकरं दिसताच फोन बाहेर निघाले. एक फोटो झाला, दहा झाले. एका बाईनं योनासला आनाच्या कडेवरून उचललं, तिच्याकडून दुसरीनं घेतलं, आणि तो किंचाळत हातोहात दूर जाऊ लागला. लीनाच्या गालांना चार-पाच हात लागले. आना मात्र हसत होती. परक्या देशात नाही कसं म्हणावं हे न कळलेल्या माणसाचं ते हसू होतं.

पाणी आणायला गेलेल्या सासूबाई परत आल्या आणि मग जे झालं ते मकबऱ्यानं एवढ्या वर्षांत बघितलं नसेल. त्यांनी योनासला काढून घेतलं आणि फोनवाल्या पोरांना ओळीनं उभं केलं. “हे काय जत्रेतलं खेळणं हाय का? कोणत्या शाळंत होता रे तू?” त्यातल्या मिसरूड फुटलेल्या एका पोरानं हात बांधून शाळेचं नाव सांगितलं.

पण व्हायचं ते झालं होतं. लीना फाटकाबाहेर पाऊल टाकेना. बेल वाजली तरी पलंगाखाली जाई. शेवटी आनानं मला सांगितलं की ती मुलांना घेऊन परत जाणार, नवरा एकटा राहून काम संपवेल. मी हे घरात सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच भाजीला नावं न ठेवता जेवल्या.

सकाळी त्या जिन्यावर बसल्या होत्या. “थँक्यू शिकवलं लेकराला, नमस्ते शिकवलं. ‘नाय’ म्हणायला काहून शिकवलं नाय कुणी?” त्यांनी लीनाला शेजारी बसवलं आणि माझा फोन तिच्यावर रोखला. हात पुढं करून ‘नाय’ म्हणायचं, एवढाच धडा होता. “घशातून नको. पोटातून म्हण.” चार दिवसांनी तो आवाज पोटातून आला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सगळ्या एसटीनं कन्नडला गेलो. आना वाटभर मुलीचा हात धरून होती. तिला हे वेडेपण वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

भाजीच्या ओळीत पहिला फोन वर झाला. लीनानं हात पुढं केला. “नाय.” तो माणूस गोंधळला. “ऐकू आलं ना?” सासूबाई म्हणाल्या. फोन खिशात गेला. लीना त्या खिशाकडं बघतच राहिली. त्यानंतर तिनं बाजारभर ‘नाय’ वाटला, केळी देणाऱ्या सासूबाईंनाही.

परतताना एक म्हातारी कासारीण दुकानातून उठून लीनासमोर उकिडवी बसली. “बाळा, हात बघू का तुझा?” लीनानं सासूबाईंकडं पाहिलं. “मला काय विचारायलीस? हात तुझा हाय,” असं म्हणून त्या दुसरीकडं बघू लागल्या. मग लीनानं दोन्ही हात पुढं केले. हिरव्या बांगड्या चढत असताना आना माझ्यामागं तोंड लपवून रडत होती, आणि सासूबाई कासारणीला बांगड्या सैल दिल्याबद्दल झापत होत्या.

आना परत गेली नाही. नवऱ्याचं काम संपेपर्यंत ती सगळी इथंच राहिली, वेरूळपासून गुलमंडीपर्यंत मनसोक्त हिंडली. गेली तेव्हा सासूबाई कारखान्यावर संतापल्या, विमानावर संतापल्या, बॅगा नीट न बांधणाऱ्या ड्रायव्हरवर तर फारच. लेकरांकडं मात्र त्यांनी मान वर करून बघितलं नाही.

परवा लीनाचा व्हिडिओ कॉल आला. ती बरीच उंच झालीय. मराठी शब्द तिला आठवेनात, ती जर्मनमध्ये बोलली आणि आनानं मला इंग्रजीत सांगितलं. मग लीनानं फोन आईच्या हातात देऊन बर्फातून धावत जाऊन दाखवलं. उघड्या डोक्यानं, कोटाची बटणं सोडून. मी सासूबाई भडकण्याची वाट बघत होते. “आई, टोपीसुद्धा घातली नाही बघा तिनं,” मी मुद्दाम म्हणाले.

“दिसायलंय मला,” सासूबाई हळू म्हणाल्या. कॉल संपला. स्क्रीन काळी झाली तरी त्यांनी फोन माझ्याकडं दिला नाही.