सिबिरी जाराचा नामू

सिबिरी जारा आता सभेत बोलणाऱ्याला मध्येच थांबवतो. "थांब जरा," म्हणतो, "मघाचं परत सांग, माझं लक्ष नव्हतं." बाहेरगावचा पाहुणा असेल तर तो गोंधळून इकडेतिकडे बघतो. नामू देणाऱ्याने चारचौघांत असं कबूल करायचं म्हणजे स्वयंपाकिणीने स्वतःच्याच कालवणाला नावं ठेवायची. गावातले मात्र खाली मान घालून बसतात. त्यांना कारण ठाऊक आहे.

फालाबुगूत, आणि जोलिबा नदीच्या या काठावर सगळीकडेच, चार माणसांत बोलणारा कधी एकटा बोलत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'नामू' म्हणावं लागतं. ऐकलं, पोचलं, चालू दे, एवढाच त्याचा अर्थ. गोष्ट ऐकताना पोरं हुंकार देतात तसंच हे, फक्त इथे हुंकार देणारा जाणता लागतो. नामू नीट मिळाला नाही तर भल्याभल्यांची जीभ अडखळते. आणि एकदा नामू मिळाला की तो शब्द जागेवर ठेवला गेला. तो पुन्हा उच्चारायचा नाही. उच्चारलात तर ऐकणाऱ्याला तोंडावर बहिरा म्हटल्यासारखं होतं, आणि अशा अपमानावरून आमच्याकडे सोयरिकी तुटल्या आहेत.

सिबिरीला हे काम त्याच्या चुलत्याने शिकवलं. चुलता अंबाडीचे दोर वळायचा, आणि समोर बसलेल्या पोराच्या गुडघ्यावर अंबाडीच्या काडीने मारायचा. "बोलणारा श्वास घेतो तिथे नामू पडला पाहिजे," तो म्हणायचा. "आधी पडला तर तुला घाई झालीय, उशिरा पडला तर तू झोपलायस." पोराचे गुडघे सुजले, पण विद्या आली. चुलत्यामागे दोर वळण्याचं काम सिबिरीकडे आलं आणि सभेतला नामूही आला. आमचा भाट फामादी कुयाते, जो सगळ्या गावाच्या वतीने बोलतो, तो म्हणायचा, "सिबिरी समोर असला की मला बोलावं लागत नाही, बोलणं आपोआप होतं." आजूबाजूच्या सात गावांत त्याला बोलावणी येत. त्याच्या नामूवर शेतांच्या शिवा ठरल्या, लग्नं ठरली, दोन खुनांची वैरं मिटली.

एवढी स्तुती झाल्यावर माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. सिबिरीच्या जिभेला नामूची इतकी सवय झाली की मनाची गरजच उरली नाही. तो दोर वळता वळता नामू देई, जेवता जेवता देई, दुसराच विचार करता करता देई, आणि एकही चुकत नसे. त्याला ते माहीत होतं. खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी बाजरीची कापणी संपली आणि गुरांच्या वाटेवरून मोठी सभा झाली. गुराखी एका बाजूला, शेतकरी एका बाजूला. दोन दिवस चाललेली ती सभा सिबिरीने एकट्याने ओढून नेली. शेवटी गुराख्यांच्या म्हाताऱ्याने उठून त्याचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिबिरी अंगणात दोर वळत बसला होता आणि मनात तो हात, ती गर्दी, फामादीने केलेलं कौतुक, सगळं पुन्हा घोळवत होता. तेवढ्यात त्याची बायको सारान समोर आली.

सारान देम्बेले कमी बोलणारी. आमच्याकडे बाईचं कुळ माहेरचंच राहतं, आणि नवराबायको एकमेकांना कुळाच्या नावाने हाक मारतात. तिने हात पुसले, बुटक्या मोढ्यावर बसली आणि सांगू लागली.

"जारा, माझ्या उजव्या कुशीत दुखतंय."

"नामू."

"कापणीच्या आधीपासून. हाताला गाठ लागते."

"नामू."

"आरोग्य केंद्रातल्या बाई आल्या होत्या, त्यांनी बघितलं. सेगूच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाल्या. पावसाळ्यापर्यंत थांबू नका म्हणाल्या."

"नामू."

"मला भीती वाटते, जारा."

"नामू," सिबिरी म्हणाला. अगदी तिच्या श्वासावर.

सारानने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली. "बरं. तुमच्या कानावर घातलं," म्हणाली आणि चुलीकडे गेली. सिबिरीचा दोर वीतभर पुढे सरकला होता. तिने काय सांगितलं यातला एक शब्दही त्याच्या मनात शिरला नव्हता.

त्यानंतर सारान थांबली. सेगूला न्यायचं तर गाडी जुंपायची, घर कुणावर तरी सोडायचं, तिथे मुक्कामाला नातेवाईक बघायचा. हे घरधन्याने ठरवायचं असतं, आणि त्याने तर ऐकलं होतं. तो ठरवत असेल. थंडी गेली. शेंगा फोडून झाल्या. ती पाणी आणताना वाटेत दोनदा बसू लागली, मग तीनदा. शेजारणी विचारत, "सांगितलंस का घरी?" ती म्हणे, "सांगितलं. त्यांनी नामू दिला." मग शेजारणीही गप्प होत. आम्ही सगळेच गप्प झालो. सिबिरी जाराने ऐकून घेतलंय आणि तरी तो हलत नाही, म्हणजे त्याचं काहीतरी ठरलंय. मोठ्या माणसाच्या ठरावात आपण कशाला नाक खुपसायचं? आता आठवलं की लाज वाटते. एवढी माणसं, एवढं बघत होतो, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

शेवटी तो फुटला काजा त्राओरेच्या तोंडून. त्राओरे आणि जारा या दोन कुळांत चेष्टेचं नातं. पूर्वजांनी बांधून दिलेलं. त्राओरेने जाराला काहीही म्हणावं, चवळीखाऊ म्हणावं, चोर म्हणावं, जाराने हसून तसंच परत करावं; रागवायचं नाही. काजा म्हातारी तर या कामात पटाईत. उन्हाळ्यात एका सकाळी सिबिरी दोरांचा भारा घेऊन बाजाराच्या वाटेला लागला होता, तोच तिने आंब्याखालून हाक मारली.

"ए चवळीखाऊ! पोट भरलं का रे?"

"तुझ्या घरच्या चवळ्या चोरल्या, मग भरणारच की," सिबिरी म्हणाला. "त्राओरेंच्या घरात दुसरं असतं काय?"

"असं? मग एक चवळी बायकोला पण दे. का तिच्या मयताच्या जेवणासाठी राखून ठेवल्यात?"

सिबिरी हसला. काजा हसली नाही. चेष्टेच्या नात्यात दोघांनी हसायचं असतं, आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कसलं मयत?" त्याने विचारलं.

"अरे मेल्या, पाच महिने झाले तिने तुला सांगून. कुशीत गाठ आहे. सेगूला न्या म्हणून तिनं सांगितलं, तू नामू दिलास आणि दोर वळत बसलास. सगळं गाव म्हणतं, जाराने विचार करून ठरवलंय. मी म्हणते, चवळी डोक्यात गेलीय. बोल, काय ठरवलंयस? मी त्राओरे आहे, मला विचारायचा हक्क आहे."

सिबिरीने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. त्याला आधी काही आठवेना. मग सभेनंतरची सकाळ आठवली, अंगण आठवलं, सारान मोढ्यावर बसलेली आठवली. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज नव्हता. म्हातारी म्हणत होती ते खरं आहे हे त्याला कळलं, कारण आपलेच 'नामू' त्याला आठवले, एकूण चार, चारही जागच्या जागी पडलेले.

भारा तिथेच टाकून तो घरी निघाला. वाटेत त्याच्या मनात एक वाईट विचार आला, आणि तो त्याने पुढे स्वतःच सांगितला, म्हणून इथे लिहितो. गप्प राहावं. आजच गाडी जुंपावी आणि म्हणावं, चल, माझं ठरलं. गावाला वाटेल, सिबिरी जारा कठोर आहे, संथ आहे. वाटू दे. कठोर माणसाची अब्रू जात नाही. पण नामू देऊन ऐकलंच नाही हे कळलं, तर त्याचे आजवरचे सगळे नामू खोटे ठरतील. शिवा, लग्नं, वैरं, सगळं.

सारान उखळाजवळ बसली होती. कांडत नव्हती, नुसतीच मुसळ धरून बसली होती. ती किती वाळलीय ते त्याला तेव्हा दिसलं. एकाच घरात राहून तेव्हा दिसलं.

"देम्बेले," तो म्हणाला, "त्या दिवशी तू मला सांगितलंस. मी ऐकलंच नव्हतं."

सारानने वर पाहिलं.

"मी नामू देत होतो. माझं मन सभेत होतं. तुझा एक शब्दही मला ऐकू आला नाही."

तिने मुसळ बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे मला सांगू नका."

"खरं आहे ते."

"म्हणूनच सांगू नका. पाच महिने मी म्हणत होते, जारा विचार करतायत. आज नाही तर उद्या बोलतील. दुखायला लागलं की मी तेच म्हणायचे. आणि तुम्ही म्हणता, कुणी विचारच करत नव्हतं?"

"तू पुन्हा का नाही विचारलंस?"

"पुन्हा?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सात गावं तुमच्या नामूवर विश्वास टाकतात. मी तुमची बायको. मी संशय घ्यायचा?"

तिने मुसळ उचललं आणि कांडायला लागली. दोन घाव घातले आणि कूस धरून थांबली. सिबिरीने तिच्या हातातून मुसळ घेतलं. आमच्याकडे पुरुष मुसळाला हात लावत नाही. शेजारच्या अंगणातल्या पोरी बघत राहिल्या.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.

तिने सांगितलं, चिडून, तुटक. तो गप्प. एकही नामू नाही. तिचं वाक्य अर्ध्यावरच अडलं. "ऐकताय ना?"

"ऐकतोय. म्हणून तर गप्प आहे."

मग तिने सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी पहिल्यांदा दुखलं, रात्री कुठल्या कुशीवर झोप लागते, काय खाल्लं की उलटी होते, गाठ आधी शेंगदाण्याएवढी होती आणि आता केवढी. तिचं बोलून झाल्यावर सिबिरीने ते सगळं तिला जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. एके ठिकाणी चुकला, तिने दुरुस्त केलं. पण आधीच्या त्याच्या कबुलीवर ती काही बोलली नाही. ते शब्द तिने घेतले नाहीत आणि परतही दिले नाहीत. ते अंगणात तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने बैलगाडी जुंपली, डांबरी रस्त्यावर बस धरली. दुपारपर्यंत ती दोघं सेगूच्या दवाखान्यात होती. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेशी एकेक कुटुंब बसलेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमचीच भाषा बोलणाऱ्या. त्यांनी सारानला तपासलं आणि सिबिरीला विचारलं, कधीपासून? सिबिरीने सांगितलं. दिवस, जागा, झोपेची कूस, उलटी, शेंगदाणा. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "असं सांगणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाल्या.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशन करू. पण कापणीच्या सुमाराला आणलं असतंत तर मी तुम्हाला भरवसा देऊ शकले असते. आता नाही देऊ शकत. एवढं सगळं माहीत होतं, मग आणलं का नाही?"

आजूबाजूच्या खाटांवरची बोलणी थांबली. दवाखान्यात दुसऱ्याच्या दुखण्याला सगळ्यांचे कान असतात. पलीकडच्या खाटेशी गुराख्यांच्या त्या म्हाताऱ्याच्या गावची माणसं होती. त्यांनी सिबिरीला आल्या आल्याच ओळखलं होतं.

"बाई, शेतीची कामं होती," सारान उशीवरून घाईने म्हणाली. "एक बैल आजारी होता. आणि मीच म्हटलं, राहू दे, बघू..."

सिबिरीने तिच्या पायावर हात ठेवला.

"बैल आजारी नव्हता," तो म्हणाला. मोठ्याने, सभेत बोलतात तसा. "मी फालाबुगूचा सिबिरी जारा. नामू देणं हे माझं काम. हिने मला वेळेवर सांगितलं होतं. मी नामू दिला आणि ऐकलं नाही. उशीर हिने केला नाही, मी केला."

 बोलणाऱ्याचा श्वास संपला होता, आणि त्या जागी जे पडायला हवं होतं ते पडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी खाली कागदाकडे पाहिलं. पलीकडच्या माणसांनी तोंड फिरवलं. आयुष्यभर सिबिरीने ती जागा इतरांसाठी भरली होती. ती रिकामी राहिली की कसं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. तो उभाच राहिला.

सारानने डोळे मिटले होते. तिने ते उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"नामू."

सारान त्यानंतर दोन पावसाळे जगली. त्या गोष्टीला नामू मिळाला होता; तिच्याबद्दल दोघांत पुन्हा एक शब्दही झाला नाही.