रस्त्याकडे पाठ केलेलं बाकडं

या शहराच्या पालिकेवर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस आता मुंबईत उरला आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. तुम्ही त्यांना ओळखता. गेल्या खेपेस तुम्ही गिरगावात आलात तेव्हा तुमच्या हातातलं चॉकलेटचं वेष्टण काढून घेऊन, ते उजेडात धरून, "हा सुका कचरा" असं ज्यांनी जाहीर केलं होतं, तेच हे. तुमच्या आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. आजोबा गेले आणि त्यांची घड्याळं, पुस्तकं आणि हे मित्र एवढं सगळं माझ्याकडे आलं. घड्याळं मी वाटून टाकली. हे मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावोजी म्हणते, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पालिकेने आज कोणती नवी योजना काढली आहे ते माझ्या दारात उभे राहून सांगायचे. मी तेव्हा चहा पीत असायची. चहा निवायचा.

पालिकेने योजना काढायची आणि भावोजींनी तिच्यात उडी घ्यायची, हा क्रम मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून पाहते आहे. उद्घाटन कशाचंही असो, हे पहिल्या रांगेत. पाहुणे दोन तास उशिरा आले तरी हे बसलेले, आणि भाषणात जिथे कोणालाच टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत तिथे हे एकटे सुरुवात करून देणार. आमच्या नाक्यावरच्या मुतारीचं उद्घाटन दोन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते दोनदा झालं. हे दोन्हीला हजर होते, आणि दुसऱ्या वेळचं भाषण जास्त माहितीपूर्ण होतं असं त्यांनी वर येऊन मला सांगितलं. मी विचारलं, "मग मुतारी उघडली का?" ते म्हणाले, "किल्ली कोणाकडे आहे ते बघताहेत." कापलेल्या फितींचे तुकडे ते मागून घरी आणत. त्यांची बायको, ती होती तोवर, त्या फितींनी मच्छरदाणीचे कोपरे बांधायची. पालिकेचा आमच्या घराला झालेला उपयोग तेवढाच, असं ती म्हणायची. फार शहाणी बाई होती.

त्यांचं सगळं आयुष्य पोस्टात पत्रं वेगळी करण्यात गेलं. त्यामुळे ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायचा, हा हुकूम निघाला तेव्हा निवृत्त माणसाला पुन्हा कामावर बोलावल्यासारखा त्यांना आनंद झाला. पहाटे उठून ते सगळ्या वाडीचे डबे तपासू लागले. एकदा त्यांनी माझ्या डब्यातली आंब्याची कोय कागदात गुंडाळून मला परत आणून दिली. ओली कोय ओल्यात जाते हे ठीक, पण तुम्ही ती दोन दिवस उन्हात वाळवली आहे, तेव्हा तिचं काय करायचं याबद्दल वॉर्ड ऑफिसात विचारणा केली आहे, उत्तर येईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, म्हणाले. उत्तर अजून आलेलं नाही. आणि हा सगळा पसारा ज्या गाडीत जायचा त्या गाडीला तोंड एकच. गाडीवरचा माणूस हिरवा डबाही त्यात उपडा करी आणि निळाही. भावोजींनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो माणूस म्हणाला, "काका, तुम्ही वेगळा करता त्याचं पुण्य तुम्हाला. आमची गाडी एकच आहे." मला वाटलं, आता तरी हा माणूस सुधारेल. तर मला म्हणतात, "वहिनी, गाडीत एकत्र झालं तरी आपण वेगळं केलं होतं, हे राहतंच की."



डासांच्या मोहिमेत तर त्यांनी कहर केला. साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि गप्पी मासे त्या खातात, हे कोणीतरी त्यांना सांगितलं, आणि ते पालिकेच्या माणसाकडून पिशवीभर गप्पी मासे घेऊन आले. कोणाला न विचारता त्यांनी ते घरोघरच्या पिंपांत सोडले. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसले तर माझ्या तांब्यात मासा. मी टॉवेल गुंडाळून दाराआडूनच त्यांना हाक मारली, "भावोजी, तांब्यात मासा आलाय." खालून उत्तर आलं, "एकच? मी दोन सोडले होते. दुसरा सांभाळा."

त्यांच्या अर्जांबद्दल वेगळं लिहायला हवं. मी कॉन्व्हेंटात शिकले. अर्ज म्हणजे मागणी, कारण, सही, आणि तो चार ओळींत संपला पाहिजे, हे आम्हाला नन्सनी पट्टीने शिकवलं होतं. भावोजींचा अर्ज तीन पानांचा असतो आणि पहिलं पान पालिकेची स्तुती करण्यात जातं. समोरच्या गटाराचं झाकण नाही हे तिसऱ्या पानावर, तेही शेवटून दुसऱ्या ओळीत, माफी मागून. अर्ज दिला की फोनवर एक लांबलचक क्रमांक येतो. तो क्रमांक ते देवाच्या श्लोकासारखा पाठ करतात. काही दिवसांनी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा निरोप येतो. झाकण आलेलं नसतं. पण निरोप आला याचंच त्यांना एवढं समाधान, की झाकणाचा विषय ते पुन्हा काढत नाहीत. तुमचे आजोबा त्यांना म्हणायचे, "अरे, तुला त्यांनी विहिरीत ढकललं तरी तू वर येऊन पाणी स्वच्छ होतं म्हणशील." त्यावर हे नुसते हसत.

आता बाकड्याची गोष्ट सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक सिमेंटचं बाकडं होतं, तुम्ही त्याच्यावर उभे राहून फोटो काढला होता ते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. घरापासून वाचनालयापर्यंत एका दमात जाणं मला जमत नाही. बाकड्यापर्यंत जायचं, दहा मिनिटं बसायचं, मग पुढे. परतताना तसंच. त्या एका बाकड्यामुळे मी कोणाचाही हात न धरता रोज वाचनालयात जाऊन, वर्तमानपत्र वाचून, पुस्तक बदलून येत होते. मग पदपथ सुशोभित करण्याची योजना आली. चांगल्या फरशा उखडून वाईट फरशा बसवल्या, कुंड्या आणल्या, आणि त्या गडबडीत बाकडं ट्रकमध्ये घालून नेलं. त्या दिवसापासून मी वाडीच्या तोंडापर्यंत जायची आणि कुंड्या बघून परत यायची. वाचनालयाचं पुस्तक घरी पडून राहिलं. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "आई, एक बाई ठेव, ती आणून देईल पुस्तकं." पुस्तक आणून मिळणं आणि पुस्तक आणायला जाणं यातला फरक त्याला फोनवर समजावता येईना. मी आठवडाभर कोणाशी धड बोलले नाही.

भावोजी वर आले. म्हणाले, "वहिनी, योजना आहे."

"बाकडं नेलं ती पण योजनाच होती, भावोजी."

"ती वेगळ्या खात्याची."

ते वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने रजिस्टर चाळून सांगितलं, तिथे बाकडं असल्याची नोंद नाही. भावोजी म्हणाले, "अहो, मी त्याच्यावर शाळेत असल्यापासून बसतोय." कारकून म्हणाला, "काका, बसले असाल. पण बाकडं नव्हतं." हे सगळं त्यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि वर म्हणाले, "मुलगा नियमाला धरून बोलतो हां. आवडला मला." ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी नव्याने बाकडी देण्याची काही तरतूद होती, तिच्यात त्यांनी अर्ज घातला. अर्जासोबत जागेचा फोटो हवा आणि फोटोत लाभार्थी हवा. म्हणून मी भर दुपारी, काठी टेकून, जिथे बाकडं नाही तिथे उभी राहिले. ते समोरून सांगत होते, "थोडं थकल्यासारखं दिसा." मी म्हटलं, "त्यासाठी वेगळं काही करायला नको, तुम्ही समोर आहात ते पुरे."

पाच महिने ते त्या अर्जामागे धावले. पावसाचं, उन्हाचं, कशाचं त्यांना भान नव्हतं. कधी साहेब साइटवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. वाडीतली पोरं त्यांना विचारत, "काका, सिंहासन कधी येणार?" ते गंभीरपणे सांगत, "मापं घेऊन गेलेत."

आणि बाकडं आलं. मांडव घातला, झेंडूच्या माळा लावल्या, बाकड्याभोवती फीत गुंडाळली, नारळ फुटला. भावोजी पहिल्या रांगेत होते, माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून. फीत कापली गेल्यावर लाभार्थी म्हणून मला बसायला सांगितलं. मी बसायला गेले आणि पाहिलं, तर बाकड्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड समोरच्या बंद छापखान्याच्या भिंतीकडे. मधे दोन हात जागा. बसलं की गुडघे भिंतीशी बोलणार. मी तिथल्या ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, "हे उलटं बसवलंय का?"

"नाही आजी, बरोबर आहे. मागच्या बाजूला साहेबांचं नाव आहे ना, ते रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. म्हणून पाठ रस्त्याला."

"आणि बसणाऱ्याने काय बघायचं?"

त्याने थोडा विचार केला. "बसणाऱ्याने बसायचं," तो म्हणाला.

भावोजी तेव्हा टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा हळूहळू थांबले. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. इंग्रजीत बोलले, म्हणजे तुम्ही समजा. त्या दिवशी ते प्रथमच फितीचा तुकडा न घेता घरी गेले.

पण खरं सांगायचं तर मी त्या बाकड्यावर दुसऱ्या दिवशीपासून बसू लागले, आणि वाचनालय पुन्हा सुरू झालं. भिंत तर भिंत. पोपडे आलेले, मधून पिंपळाचं रोपटं निघालेलं, एका कोपऱ्यात शिकवणीच्या वर्गाचा फाटका कागद. भावोजींच्या मनातून मात्र ते जाईना. बाकडं फिरवून मिळावं म्हणून अर्ज केला तर उत्तर आलं की फिरवणं म्हणजे स्थलांतर, त्याची मंजुरी वेगळी. मग एक दिवस वर आले आणि म्हणाले, "वहिनी, बाकडं फिरत नसेल तर आपण भिंत बदलू. भिंती रंगवायची योजना आहे." मी म्हटलं, "भावोजी, पुरे आता." त्यांनी तीन पानं लिहिली. दारात उभे राहून वाचून दाखवली, आणि मध्येच एक ओळ त्यांना दिसेना. कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला, मग मलाच वाचायला दिला.

काचबिंदू निघाला. लोकांच्या पिंपांत टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता त्यांना उजेड कळतो, माणसाची हालचाल कळते, बाकी नाही. त्यांची मुलगी भोईवाड्याला असते, ती न्यायला आली होती. ते गेले नाहीत. म्हणाले, "माझा एक अर्ज चालू आहे."

मागच्या महिन्यात त्यांचा फोन वाजला. फोन आता निरोप मोठ्याने वाचून दाखवतो. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ते जिन्याचा कठडा धरून धरून वर आले आणि म्हणाले, "चला वहिनी, मला बाकड्यावर न्या." त्यांनी माझं कोपर धरलं, मी काठी धरली, आणि आम्ही गेलो. भिंत होती तशीच होती. पिंपळ तेवढा वीतभर वाढला होता.

"रंगवली ना?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात पालिकेच्या बाजूने एक शब्द बोललेली नाही आणि खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "रंगवली."

"काय काढलंय?"

"समुद्र. आणि तीन होड्या."

"रंग बरे आहेत?"

"चांगले आहेत. निळा जरा जास्तच झालाय."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "खाली नाव कोणाचं आहे?"

याचा मी विचारच केला नव्हता. "नाव नाही घातलं," मी म्हटलं.

"नाव नाही," ते म्हणाले, आणि थोडं हसले. "मग ती पालिकेने रंगवलेली नाही, वहिनी."

 मागून एक टॅक्सी गेली, नारळवाला गेला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "होड्या शिडाच्या आहेत का?" मी म्हटलं, "दोन शिडाच्या आहेत. एक वल्ह्याची."

आता आम्ही रोज संध्याकाळी जातो. मी पुस्तक बदलून येईपर्यंत ते बाकड्यावर थांबतात, आणि परतताना मी दहा मिनिटं बसले की ते भिंतीची चौकशी करतात. सकाळी चहा मात्र आता गरम मिळतो, कारण साडेआठला कोणी दारात येत नाही, आणि मला तो पूर्वीसारखा लागत नाही.

तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा ते तुम्हालाही बाकड्यावर नेतील आणि विचारतील. सध्या सात होड्या आहेत. पाच शिडाच्या, दोन वल्ह्याच्या, कडेची तांबडी. नीट पाठ करून या, कारण त्यांना एकूण एक लक्षात असतात.