डॉक्टरांना न दाखवलेला रिपोर्ट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो, नाहीतर एकदम शेअर मार्केटबद्दल बोलायला लागायचो. पण आता आमचे जुने डॉक्टर वारले आहेत. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या मराठी मंडळींत अजून सांगितलं जातं की शेवटी शेवटी त्यांची नजर अधू झाली होती आणि त्यांनी एका माणसाचा हृदयाचा रिपोर्ट चुकीचा वाचला. तो माणूस माझा धाकटा भाऊ. डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचलाच नव्हता. मी तो त्यांना दाखवला नव्हता.

धाकटा तेव्हा मस्कतला होता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा फोन शुक्रवारी सकाळी. त्याचे प्रश्न ठरलेले असत. शेत कसं आहे? मार्केट काय म्हणतंय? आणि वर्षातून एकदा, कंपनीची वैद्यकीय तपासणी झाली की, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलास का?

मी बँकेतून निवृत्त झालेलो, म्हणून त्याचे म्युच्युअल फंड मी बघायचो. मार्केट पडलं की तो म्हणायचा, "दादा, आज तुझा आवाज बसलाय. किती बुडवलेस?" बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या पुढे दोन एकर शेत होतं, तेही मीच बघायचो. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. बेळगावकडे गावी माझ्या नावावर थोडी शेती होती, त्यामुळे मला ती घेता आली. पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, नाव माझं होतं. पण साठीला नोकरी सोडून तिथे दोन खोल्या बांधायच्या, चिकू-आंबे बघत बसायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातलं.

डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, आजी मराठी. घराच्या गॅरेजमध्ये त्यांचा दवाखाना होता. आत गेलं की "बर्री, कूड्री" म्हणून बसवायचे आणि मग मराठीत सुरू व्हायचे. मोबाइलवर काही बघायचे नाहीत. "एवढ्याशा काचेत काळीज कसं दिसणार हो?" म्हणायचे. मग मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून रिपोर्टची पानं छापून आणायची, त्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरून एकेक वाचायची, आणि शेवटी सांगायचं, "स्वल्प मीठ कमी करायला सांगा. आणि बायकोचं ऐकायला सांगा." दरवर्षी हेच. मी शुक्रवारी फोनवर त्यांच्याच सुरात हे ऐकवलं की धाकटा खो खो हसायचा.

मस्कतच्या डॉक्टरांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "हे लोक विम्याचं कार्ड दिसलं की माणसाला मशिनीत घालतात. आपले डॉक्टर नुसतं बघून सांगतात." परदेशात राहणारी अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. पंचवीस वर्षं तिथे काढतात, पण इथल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिथली गोळी गिळत नाहीत. मला ते आवडायचं, हे कबूल करतो. इतका शिकलेला, इतका कमावणारा भाऊ माझ्या शब्दावर चालतो, याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी शेतातली जुनी बोअर आटली. आंब्याची रोपं माना टाकायला लागली. नवी बोअर मारायची ठरली, पण गाडी मिळेना. त्या पट्ट्यात सगळ्यांचंच पाणी आटलेलं, गाड्या एका शेतातून दुसऱ्या शेतात. अशात एका बुधवारी व्हॉट्सअपवर धाकट्याचा रिपोर्ट आला. बरीच पानं होती. उद्या छापून घेऊ म्हणालो. तेवढ्यात बोअरवाल्याचा फोन आला, "उद्या सकाळी येतो. उद्या नाही तर मग महिनाभर नाही."

गुरुवार सगळा शेतात गेला. दुपारपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडत होता. मी तोंडाला रुमाल बांधून उभा, खाली जाणारे पाईप मोजत. ऊन उतरता उतरता पाणी लागलं. मी भिजलो, गाडीचा ड्रायव्हर भिजला, शेजारच्या शेतातली अक्का हंडा घेऊन पळत आली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार.

"आधी पाण्याचं सांग," धाकटा म्हणाला.

"लागलं! अडीच इंच धार."

"खोटं!"

"गळ्याशपथ. ड्रायव्हर तर त्यात अंघोळ करून गेला."

"दादा, तू ग्रेट आहेस! आता ठिबक टाकून घेऊ. मी बघतो पैशांचं." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "रिपोर्ट दाखवलास का रे?"

"दाखवला."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार! स्वल्प मीठ कमी करायला सांगा, आणि बायकोचं ऐकायला सांगा."

तो हसला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ हसला, असं आता वाटतं. पाण्याबद्दल त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती. रिपोर्टबद्दल घ्यावी असं त्याला वाटलं नाही.

मी खोटं का बोललो, याचं मोठं कारण माझ्यापाशी नाही. "राहिलं रे, उद्या दाखवतो," एवढं म्हटलं असतं तरी तो काही बोलला नसता. पण त्या क्षणी मी सगळी कामं फत्ते करणारा मोठा भाऊ होतो आणि एक काम राहिलंय हे म्हणवेना. शनिवारी नक्की दाखवू, असं मनात होतं. शनिवारी पंप बसवायला माणसं आली. सोमवारी गेलो तर डॉक्टर हुबळीला लग्नाला गेलेले. ते परत आले तोवर मी स्वतःची समजूत घातली होती की दरवर्षी सांगतात तेच सांगणार, नवीन काय असणार? शिवाय काही वेगळं सांगितलं असतं, तर धाकट्याला कळलं असतं की आपण थाप मारली. ठिबकचे पैसे मस्कतहून आले, आणि मी नळ्या अंथरण्यात गुंतलो.

काही महिन्यांनी भावजयीचा फोन आला. वार शुक्रवार नव्हता. "दादा, हे आयसीयूत आहेत." मी शेतातच होतो. बांधावर बसलो. पायाखालून ठिबकचं पाणी वाहत होतं आणि माझी चप्पल चिखलात रुतत होती, एवढंच मला दिसत होतं.

तो वाचला. पण हृदयाचा बराचसा भाग कायमचा निकामी झाला. चार-पाच दिवसांनी भावजयीने व्हिडिओ कॉल केला. डोळे सुजलेले. म्हणाली, "दादा, इथल्या डॉक्टरांनी तेव्हाच अँजिओग्राफी सांगितली होती."

"कधी?"

"तो रिपोर्ट तुम्हाला पाठवला ना, तेव्हा. ईसीजीची पट्टी बदललीय म्हणाले."

"मग केली का नाही?" मी ओरडलो. होय, मी तिच्यावर ओरडलो.

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, आपल्या डॉक्टरांनी बघितलं, सगळं ठीक आहे! ह्यांनी इथल्या डॉक्टरांना तसं तोंडावर ऐकवलं. ती तपासणी विम्यात बसत नव्हती, तिच्यासाठी पैसे बाजूला काढले होते. ते ठिबकला पाठवून दिले. मी नको नको म्हणत होते."

तिथल्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे, हे धाकट्याने मला कधी कळवलं नव्हतं. आमच्याकडे ही रीतच आहे. तिकडचं वाईट इकडे सांगायचं नाही, इकडचं तिकडे सांगायचं नाही, उगाच काळजी नको. त्याने फक्त हलक्या आवाजात विचारलं होतं, रिपोर्ट दाखवलास का. तो त्या एका उत्तरासाठी थांबला होता, आणि मी त्याला डॉक्टरांची नक्कल करून दाखवली.

माझं तोंड उघडत होतं, शब्द निघत नव्हता. तिला वाटलं नेटवर्क गेलं. "दादा? तुम्ही दिसताय, पण आवाज येत नाहीये." मी फोन बंद केला.

नोकरी सोडून दोघं बेंगळुरूला आली. विमानतळावर व्हीलचेअरवरून येणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी दुर्लक्ष केलं, कारण तो माझा भाऊ आहे हे मला ओळखूच आलं नाही. त्यानेच हाक मारली, "दादा, इकडे! बघ, राजासारखा आलो. सगळ्यांच्या आधी उतरवलं मला." शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान काडीसारखी दिसत होती.

घरी आल्यापासून त्याचा एकच धोशा. डॉक्टरांकडे जायचं.

"भांडायला नाही रे," तो म्हणाला. "त्यांनी नाडी धरली की बरं वाटतं."

"त्यांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय," मी म्हणालो. ते खरं होतं. मोतीबिंदू काढला होता. "जरा थांबू."

धाकटा म्हणाला, "अच्छा. म्हणजे तेव्हाही त्यांना नीट दिसत नसणार." आणि बायकोकडे वळून, "बघ, मी म्हणत होतो ना, कारण असणार काहीतरी. म्हातारा माणूस आहे, चालायचंच."

बोलायची वेळ हीच होती. मी चहा गार होतोय म्हणालो.

शेवटी त्याला घेऊन गेलो. "बर्री, कूड्री" झालं. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली, आणि मस्कतची फाइल मागितली. एकेक पान ट्यूबलाइटखाली धरत मागे मागे गेले. एका पानाशी थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पान घेऊन खिडकीपाशी गेले.

"हे आधीचं आहे," ते म्हणाले. "अटॅक यायच्या कितीतरी आधीचं. यात दिसतंय की हो! हे कुणी बघितलं?"

"तुम्हीच, डॉक्टर," धाकटा अगदी मऊपणे म्हणाला. "दादाने दाखवलं होतं तुम्हाला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या नजरेत आरोप नव्हता. ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं, आणि त्यांना भीती वाटत होती. "मला दाखवलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. होकारार्थी.

ते खुर्चीपाशी येऊन तिचा हात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांना थोबाडीत मारली आहे. मग त्यांनी माझ्या भावापुढे हात जोडले. "क्षमा माड्री," ते म्हणाले. मराठीत म्हणाले नाहीत. धाकटा "अहो डॉक्टर, अहो, असं काय," करत उठायला गेला आणि त्याला धाप लागली. मी दोघांच्या मध्ये बसलेला, हात मांडीवर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दवाखान्याची पाटी उतरली. लोकांनी विचारलं, तर डॉक्टर स्वतःच सांगायचे की आता माझ्यावर भरवसा ठेवू नका. कारण काय ते धाकट्याने चार ठिकाणी सांगितलं, रागाने नाही, कीव येऊन. चाराचे चाळीस झाले.

एका सकाळी मी हिय्या करून त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. गेट उघडायला ते स्वतः आले. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला. "भाऊ कसा आहे? मला झोप लागत नाही हो. तुम्ही एका शब्दाने रागवला नाहीत, हा तुमचा मोठेपणा."

आणि मी म्हणालो, "असू द्या, डॉक्टर."

त्यांची क्षमा मागायला गेलेला मी त्यांना क्षमा करून घरी आलो.

पुढे त्यांच्या मुलीने त्यांना धारवाडला नेलं. यंदा तिकडेच ते गेले. बातमी आली तेव्हा मी होसकोट्याची बस पकडली. धाकटा आता शेतावर राहतो, दोन खोल्या बांधल्या आहेत. चार पावलं चालला की बसावं लागतं. त्याला मी सगळं सांगितलं, बोअरच्या दिवसापासून. भावजय भांडी घासता घासता थांबली. नळ तसाच चालू राहिला.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता याला पुन्हा काहीतरी होणार. पण तो बोलला, आणि स्वतःच्या हृदयाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"जायच्या आधी एकदाही नाही?"

"नाही."

"दादा, तो माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता रे." मग, "आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, त्यांना दिसत नाही म्हणून. आता तू सांग सगळ्यांना."

म्हणून हे लिहिलं. त्या सकाळी घरापासून त्यांच्या गेटापर्यंत मी जे घोकत गेलो होतो, ते असं होतं: डॉक्टर, तो रिपोर्ट तुमच्यापर्यंत आलाच नाही. तुमच्या नजरेचा आणि आठवणीचा काही दोष नाही. मी भावाशी खोटं बोललो, आणि तुमच्यासमोर मान हलवून तुमच्याशीही. दवाखाना पुन्हा उघडा. मला क्षमा करा.