बेसोच्या तोंडच्या शिव्या
माझ्या कुंपणापलीकडचा ओतिया रोज दुपारी घेवड्याची उसळ अन् मक्याची भाकरी घेऊन बसायचा आणि माणसं कापलेली बघायचा. बघायचा म्हणजे, फोन मिठाच्या डब्याला टेकवायचा आणि स्वतः चुलीकडं तोंड करायचा. कापाकापी त्याला सोसायची नाही. नाताळाचं डुक्कर कापायलाही तो दुसऱ्याला बोलवायचा.

सिनेमे परदेशातले, नुसतं रगत आणि आतडी. त्यातल्या सगळ्यांचं बोलणं आमच्या जॉर्जियन भाषेत वरून बोलणारा एकच बाप्या असतो. मारणारा तोच, मरणारी बाईही तोच, शेवटाला दार ठोकणारा पोलीसही तोच. हा बाप्या म्हणजे ओतियाचा पोरगा बेसो.

चार वर्षांमागं ओतियाची बायको नाझी गेली. मातीनंतरच्या पंगतीत, सगळं ओनी गाव बसलेलं असताना बेसो बोलला, "आईला तू मारलीस. बर्फ वितळू दे, मग दवाखाना बघू म्हनालास." ओतियानं पेला खाली ठेवला आणि दार दाखवलं. बेसो तिबिलिसीला गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप.

गेल्या वर्षी बर्फ पडायच्या आधी ओतिया बटाट्याचं पोतं घेऊन गाडीतळावर गेला, तर तिबिलिसीच्या गाडीचा ड्रायव्हर जिमशेर जेवता जेवता फोनवर काहीतरी बघत होता. पोराचा आवाज ऐकला आणि ओतियाच्या खांद्यावरचं पोतं खाली आलं.

"काका, ह्ये बघून माझ्या मेव्हन्याला ओकारी आली. तुमी बघनार?"

"गप लावून दे माझ्या फोनात."

तेव्हापासून पंधरा दिवसांनी नवा सिनेमा आला, की कुंपणावरून मला बातमी मिळायची. "घसा बसलाय त्याचा, जागरान झालं असंल." नाहीतर, "काल दमात हुता. पोटभर जेवलाय." सिनेमात काय झालं विचारलं तर म्हणायचा, "कुनीतरी कुनालातरी तळघरात चिरतंय. मला काय करायचंय?"

बेसो बाकी सगळं विजेचं बिल वाचल्यासारखं वाचायचा. शिव्या मात्र जीव लावून घालायचा. त्या ऐकून ओतियाला हसू फुटायचं. "ही माजी. नांगराच्या बैलाला घालायचो मी."

जानेवारीत बेसो खोकायला लागला. लागोपाठ तीन सिनेमे. बाई किंचाळतेय आणि हा मध्येच खोकतोय. ओतियानं फळीवरनं पाइनच्या कोवळ्या बोंडांच्या मुरंब्याची बरणी काढली. त्यानंच केलेला, बुडाला करपलेला. बरणी दोन दिवस मेजावर नुसती पडून राहिली.

"धाड की," मी म्हणाले.

"धाडली तर मी ऐकतोय ते कळंल त्याला. आन् बोलायचाच बंद झाला तर? एवढंच हाय माज्याकडं."

तिसऱ्या दिवशी तोच खोकला पुन्हा ऐकून तो उठला आणि बरणी जिमशेरकडं नेऊन दिली. बेसो दिवसा टायरच्या दुकानात असतो, हे जिमशेरला ठाऊक होतं.

"काय सांगू त्याला?"

"खोकल्यावर हाय म्हन."

"खोकला हाय ते तुमाला कुनी सांगितलं, आसं इचारलं तर?"

"न्हाई इचारायचा."

दुसऱ्या दिवशी जिमशेर परत आला. "घेतली. बरनीकडं बघितलं, मग माज्याकडं. बास."

पुढं पंधरा दिवस गेले, वीस गेले. नवीन काही आलं नाही. ओतिया फोन डब्याला टेकवायचा आणि काळ्या काचेसमोर जेवायचा. कुंपणाशी यायचंही बंद केलं त्यानं.

पंचविसाव्या दिवशी मी चीज द्यायला गेले तर फोन चालू होता. करवतवाला गडी कुणाचा तरी पाय कापत होता. बेसोचा आवाज धुतल्यासारखा साफ, खोकला कुठं नाही. पाय गेलेला माणूस घसा फोडून ओरडत होता. तोंड बघूनच कळत होतं काय बकतोय ते. आणि बेसो म्हणत होता, "अरे, तू फार वाईट माणूस आहेस."

मला वाटलं माझेच कान गेले. करवतवाला म्हणाला, "गप्प बस, निर्लज्जा." तळघरातली बाई म्हणाली, "देव तुमचं भलं न करो."

खाली लोकांनी लिहिलं होतं ते मी ओतियाला वाचून दाखवलं. 'ह्याला झालंय काय? पाद्री झाला का?' 'पहिला बेसो परत द्या!'

ओतियानं खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदाच सिनेमाकडं तोंड केलं. पाय, हात, सगळं बघितलं. शेवटची नावं सरेपर्यंत हलला नाही.

"बापाम्होरं शिव्या कशा घालंल," तो म्हणाला.

फोन काही वाजला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. ओतियानं गार झालेली उसळ चुलीवर ठेवली आणि तोच सिनेमा पुन्हा लावला.

"पन घालायचा झ्याक," तो म्हणाला.